टोपी खाली येईपर्यंत

दिग्दर्शन मला पुढे जमलं. त्याआधी जमायचं ते घोड्यावरून पडणं. १९११ साली वायोमिंगमधली गुरं राखायची नोकरी सोडून मी लॉस एंजेलिसला आलो, तेव्हा एडेंडेल भागात सकाळी सकाळी स्टुडिओच्या कुंपणाशी उभ्या असलेल्या गर्दीतून सिनेमावाले माणसं निवडायचे. "पडता येतं का?" एवढाच प्रश्न असायचा. मी पडून दाखवलं. तीन वर्षं पडत राहिलो. मग एके दिवशी आमचे दिग्दर्शक महाशय पिऊन खेचरांच्या गोठ्यात झोपले आणि आमचा मालक झेलनर मला म्हणाला, "प्राउटी, या सगळ्यांत तुझाच सदरा धुतलेला दिसतोय. आजचं काम तू घे."

धुतलेल्या सदऱ्यावर मी एकशे बेचाळीस सिनेमे काढले. सोमवारी गोष्ट ठरायची, शुक्रवारी शेवटचं चुंबन. गोष्ट तरी काय, एकच होती. वाईट माणूस पळतो, चांगला माणूस मागे लागतो, मध्ये नदी लागते. लोकांना ती नदी फार आवडायची. मलाही आवडायची, खोटं कशाला बोलू.

माझी एक रीत होती आणि तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. टापांच्या आणि पाण्याच्या आवाजात कर्ण्यातून कितीही ओरडलं तरी स्वारांना ऐकू येत नसे. म्हणून मी डोक्यावरची पांढरी टोपी काढून हात उंच करायचो. टोपी वर आहे तोवर कॅमेरा फिरणार, आणि फिरतोय तोवर चित्रात कुणी पाऊल टाकायचं नाही. डॉक्टरनेसुद्धा नाही. पडलेल्या माणसाने टोपी खाली येईपर्यंत मेल्यासारखं पडून राहायचं. माझ्या स्वारांना याचा भारी अभिमान होता. कुणी आधीच हललं की संध्याकाळी जेवताना त्याची धिंड निघायची. "काय रे, मढ्याला मुंग्या चावल्या वाटतं?" खरोखर लागलं असेल तर एकच सवलत होती, एक हात सरळ वर करायचा. पहिल्या पाच वर्षांत दोनदा हात वर झाला. दोन्ही वेळा मी टोपी तत्क्षणी खाली आणली. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण माझ्या बाजूने सांगण्यासारखं दुसरं काही नाही.

लेफ टॉलिव्हर माझा सगळ्यात चांगला स्वार. ओक्लाहोमाचा, काडीसारखा बारीक, पडला तरी सिगारेट विझू न देणारा. त्याची बहीण ओपल आमच्याच कंपनीत संकलनाच्या खोलीत कामाला होती. पांढरे सुती हातमोजे घालून दिवसभर निगेटिव्ह कापायची आणि जोडायची. आईबाप नव्हते. दोघं एका भाड्याच्या घरात राहायची आणि रविवारी सकाळी एकमेकांशी मोठमोठ्याने भांडायची, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

१९१९ च्या जूनमध्ये आम्ही कर्न नदीवर होतो. सकाळचे अकरा वाजलेले. पाणी गुडघाभर, पण वरच्या डोंगरांवरचा बर्फ वितळून आलेलं, हात घातला की हाड दुखायचं. त्या काळी घोडा पाडायला त्याच्या पुढच्या पायांना तार बांधत. तारेचं दुसरं टोक काठावर पुरलेल्या ओंडक्याला. तार संपली की घोडा तोंडावर. आज हे ऐकून लोक तोंड फिरवतात. तेव्हा कुणी फिरवत नसे.

"लेफ, जमेल ना?" मी विचारलं.

"घोड्याला विचारलंत का, कप्तान?" तो म्हणाला. "त्याची तक्रार नसेल तर माझी काय असणार?"

बाकीची माणसं वाळुंजांच्या झाडीमागे होती. उंचवट्यावर कॅमेऱ्याशी आम्ही दोघंच, मी आणि कॅमेरा फिरवणारा गस लिंडक्विस्ट. मी टोपी वर केली. लेफ काठावरून आला, पाण्यात उतरला, मध्यावर पोचला. तार ताणली. घोडा पडला, त्याच्यावरून लोळला आणि त्याचं पोट इतरांच्या आणि लेफच्या मध्ये आलं. उंचवट्यावरून मात्र आम्हाला दिसत होतं. लेफचं तोंड पाण्याखाली होतं. त्याने एक हात सरळ वर केला.

नेमका त्याच वेळी घोडा उठायला लागला. आयाळीतून पाणी निथळत होतं, आणि त्या प्रत्येक धारेत ऊन होतं. असं दृश्य मी तोवर कधी टिपलं नव्हतं. मनात म्हणालो, एकच सेकंद. मग म्हणालो, अजून एक.

"वेंडल," हँडल फिरवता फिरवताच गस म्हणाला, "हात."

"फिरव," मी म्हणालो.

नंतर माणसं धावली तेव्हा लेफ गेलेला होता. गुडघाभर पाण्यात. मी पाण्यात उतरलोच नाही. मी गसकडे वळून विचारलं, "मिळालं का?"

बेकर्सफील्डला चौकशी झाली. मी शपथेवर सांगितलं, टोपी दहा सेकंद वर होती आणि हात वर झालेला मी पाहिला नाही. झाडीमागच्यांना घोड्यामुळे हात दिसलाच नव्हता, आणि टोपी किती वेळ वर होती ते त्यांच्यातल्या कुणी मोजलं नव्हतं. गसने सांगितलं की त्याचं लक्ष हँडलच्या फेऱ्यांकडे होतं. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "एकशे अठरा फूट. मी मोजत होतो. मी नेहमी मोजतो." तेव्हाच्या वेगाने एक फूट फिल्म म्हणजे एक सेकंद धरायचा. त्याच आठवड्यात तो मिनेसोटाला निघून गेला आणि पुन्हा कधी कॅमेऱ्याला शिवला नाही.

घोडा पडेपर्यंतची नऊ फूट फिल्म मी ठेवली. उरलेली एकशे नऊ फूट प्रयोगशाळेमागे पत्र्याच्या बादलीत भरदुपारी जाळली. ती फिल्म कशी जळते ते पाहिलंय का? वर पाणी ओतलं तरी जळत राहते. मी शेवटपर्यंत उभा होतो. राखसुद्धा उरली नाही.

दफनाच्या दिवशी ओपलने मला विचारलं, "मिस्टर प्राउटी, त्याला त्रास झाला का हो?"

"नाही. क्षणात गेला."

"हात वर केला होता का?"

"नाही, ओपल."

ती "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी कामावर आली.

सिनेमा धो धो चालला तो त्या पडण्यामुळे. आमच्या धंद्यात चांगलं पडणं एकदाच वापरून टाकत नाहीत. निगेटिव्ह डब्यात जपून ठेवतात आणि दुसऱ्या सिनेमात, दुसऱ्या नायकाच्या नावावर पुन्हा जोडतात. दुरून कोण ओळखतंय? १९२१ साली झेलनरने ते दृश्य पुन्हा मागितलं. ओपलने डबा काढला आणि दुपारी माझ्याकडे आली.

"ही बारा फूट आहे," ती म्हणाली. "तुम्ही नऊ दिली होती."

मी म्हटलं, मोजताना चूक झाली असेल. मग वाटलं, दुसऱ्या कुठल्या फिल्मचा तुकडा जोडला गेला असेल. तिने ती उजेडात धरून दाखवली. कुठेही जोड नव्हता. बाराही फूट एकसंध होती आणि शेवटच्या तीन फुटांत घोडा उठायला लागलेला दिसत होता.

मी हिशेबी माणूस आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. फिल्म दमट हवेत ताणते, उन्हात आकसते, हे मला ठाऊक होतं. पण ताणलेल्या फिल्ममध्ये नवी चित्रं उगवत नाहीत.  खाई त्याला खवखवे.

पुढची नऊदहा वर्षं माझ्या भरभराटीची. घर झालं, मोटार झाली, वर्तमानपत्रांत नाव यायला लागलं. आणि जिथे जाईन तिथे लोक लेफची गोष्ट विचारायचे. मी ती सांगायचो. सांगायचो कसली, रंगवायचो. तो हसत पडला, मोठा मर्द गडी, दहा सेकंदांत सगळं संपलं. बायका डोळे पुसायच्या. घरी येताना दर वेळी कानाला खडा लावायचो, की पुन्हा नाही. पुढच्या जेवणाला कुणी विचारलं की तोंड आपोआप उघडायचं.

माझ्या गोष्टीचा आणि फिल्मचा संबंध ओपलने लावला. १९२४ मध्ये ती म्हणाली, "परवा जेवणाच्या सुट्टीत तुम्ही नव्या लोकांना लेफची गोष्ट सांगत होतात ना? आज फिल्म तीन फूट वाढलीय."

"काहीतरीच."

"बाही दिसायला लागलीय आता."

"लाकूड असेल. नदीत ओंडके वाहून येतात."

ती हातमोजे काढून बोटं चोळत होती. "लाकडाला बटण असतं का, मिस्टर प्राउटी?"

मी तिला ती फिल्म फेकून द्यायला सांगितलं. तिने नाही फेकली. तिला कामावरून काढायचं मनात आलं होतं, हेही सांगून टाकतो. जमलं नाही. ती खोलीत आली की मला तिच्या तोंडाकडे बघवत नसे, पण ती दिसली नाही तर दिवसभर संकलनाच्या खोलीभोवती घिरट्या घालायचो.

बोलपट आले आणि माझं काम कमी झालं. १९३१ च्या मार्चमध्ये, एका शनिवारी दुपारी, ओपलने मला संकलनाच्या खोलीत बोलावलं. बाकीच्या बायका घरी गेल्या होत्या. टेबलावर डबा उघडा होता. नऊ फुटांचा तो डबा आता झाकण लागेना इतका भरला होता.

"एकशे एकतीस," ती म्हणाली.

मी खुर्ची ओढून बसलो. गसने एकशे अठरा फूट घेतली होती. गसचं मोजमाप कधी चुकत नसे.

"किती घेतली होती तुम्ही?" तिने विचारलं.



तिने फिल्म गुंडाळायच्या यंत्राला रीळ लावलं आणि हँडल फिरवायला लागली. एका फेरीला एक फूट. खालून दिव्याचा उजेड. निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं दिसतं आणि पांढरं ते काळं, त्यामुळे नदी काळी होती आणि त्यातून वर आलेला हातही काळा होता.

शंभर फूट गेली. हात वर.

एकशे अठरा.

इथे मी टोपी खाली आणली होती. इथे झाडीमागून सगळे धावले होते. त्यांचं ओरडणं मला आजही ऐकू येतं.

एकशे एकोणीस. एकशे वीस.

कुणीच धावलं नाही. काठ रिकामा होता. घोडा निघून गेला होता. पाणी वाहत होतं आणि हात वर होता.

एकशे तीस. एकशे एकतीस. बोटं किंचित हलली, आणि फिल्म संपली.

"मी पाहिलं होतं," मी म्हणालो.  "हात वर झालेला मी पाहिला होता, ओपल. गसने सांगितलं, तरी मी फिरव म्हणालो. जवळजवळ दोन मिनिटं मी टोपी वर धरली होती. मी खोटी शपथ घेतली."

 मग तिने एकच विचारलं.

"मग खाली का आणली?"

हे मी कुणालाच सांगणार नव्हतो. देवालासुद्धा नाही.

"हात दुखायला लागला होता," मी म्हणालो. "माझा."

ती ओरडली नाही, रडली नाही. तिने रीळ उलटं फिरवलं, पुन्हा पहिल्यापासून मोजलं, सावकाश, ओठ हलवत. शेवटाला येऊन थांबली. मग पुन्हा एकदा मोजलं.

"एकशे तीस," ती म्हणाली. आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढच्या शनिवारी ये. पुन्हा सांग."

त्या दिवसापासून ती मला अरेतुरे करायला लागली. मला ते योग्यच वाटलं.

मी दर शनिवारी गेलो. सगळं सांगायचं, काठावरच्या ओंडक्यापासून दुखऱ्या हातापर्यंत. सांगून झालं की ती मोजायची आणि एक फूट कमी झालेली असायची. एकदा मी म्हणून गेलो की त्या दिवशी पाणी जरा खोल होतं. त्या शनिवारी दोन फूट वाढली. "गुडघाभर," ओपल म्हणाली. "नीट सांग." एकदा न राहवून मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मी माफ करायला बसलेली नाही. मोजायला बसलेय."

अडीच वर्षं गेली. हात पाण्याखाली गेला. घोडा पुन्हा पडला, म्हणजे उठायच्या आधीचा झाला. आणि १९३३ च्या शरदात एका शनिवारी सहाच फूट उरली. लेफ नदीच्या मध्यावर होता, खोगिरात ताठ बसलेला, लगाम सैल, तोंडात सिगारेट. तार अजून ताणलेली नव्हती.

ओपलने भिंग लावून शेवटचं चित्र बराच वेळ पाहिलं.

"बास," ती म्हणाली. "आता एक शब्दही बोलायचा नाही. खरं नाही आणि खोटंही नाही. फिल्म आणखी घटली तर तोच उरायचा नाही. तो असाच राहू दे."

"किती दिवस?"

"तुझं तोंड बंद राहील तितके दिवस."

कंपनी बुडाली तेव्हा तिने तो डबा पॅसाडेनाला आपल्या घरी नेला, गुंडाळायच्या यंत्रासकट. तेव्हापासून दर शनिवारी बरोबर बारा वाजता माझा फोन वाजतो. ती एकच शब्द बोलते. "सहा." आणि फोन ठेवते. अठरा वर्षं झाली. माझी बायको वारली त्या शनिवारीसुद्धा वाजला होता. त्या एका शब्दावर मी आठवडा काढतो. खरं तर, त्याच्याचसाठी जगतो म्हटलं तरी चालेल.

मग मी हे का लिहायला बसलो?

गेल्या महिन्यात एका मासिकाची बाई आली होती. जुन्या लोकांच्या आठवणी गोळा करते म्हणाली. मी तिला पाडलेल्या घोड्यांच्या चार गमती सांगून चहा पाजून परत पाठवलं. चांगला वागलो. पण ती गेल्यावर मला बसवेना. एकशे बेचाळीस सिनेमे केले, त्यातलं एक फूट आज कुणाला आठवत नाही, आणि माझ्याकडे ही एक गोष्ट आहे, अशी की तशी दुसऱ्या कुणाकडेच नाही. सोमवारी सकाळी मी टाइपरायटर पुढे ओढला. ओपलची आठवण आली. मनात म्हणालो, एकच पान. मग म्हणालो, अजून एक. लिहिताना अंगावर शहारे येत होते, आणि मला आनंद होत होता. हो, आनंदच. लेफ खोगिरात बसलेला मला दिसत होता, तरी माझी बोटं थांबली नाहीत. सगळं खरं लिहिलंय, असं मी स्वतःला बजावत राहिलो. खरं लिहिल्याने काय बिघडणार?

आज शनिवार. बाराला फोन वाजला.

"चार," ओपल म्हणाली.



"घोडा अजून काठावरच आहे. पाण्यात उतरलेलाच नाही." तिचा आवाज अगदी शांत होता, म्हातारा झालेला. "गेल्या शनिवारी सहा होती. कुणाला सांगितलंस, वेंडल?"

पुढ्यात लिहिलेल्या पानांची चळत होती. मला एवढंच म्हणायचं होतं, की लिहिलंय, आत्ता फाडतो.

"कुणालाच नाही," मी म्हणालो.

विचार करून म्हणालो नाही. बेकर्सफील्डलाही विचार करून म्हणालो नव्हतो.

 मग तिने रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. रीळ यंत्राला लावल्याचा आवाज आला. हँडल फिरायला लागलं.

"तीन," ती मोजत होती. "चार. पाच."

"ओपल."

"सहा. सात."

"ओपल, ऐक. मी लिहिलंय. मी सांगतो तुला सगळं."

तिला ऐकू जात नव्हतं. आठ, नऊ, दहा. मी फोन कानाला दाबून बसून राहिलो. चाळीस झाले, ऐंशी झाले. खिडकीबाहेर शेजारीण पाइपने गवताला पाणी घालत होती. एकशे अठरा ओपलने इतर आकड्यांसारखाच म्हटला.

एकशे एकतीसनंतर ती मोजायची थांबली. हँडल फिरतच राहिलं.